गाढोबाचा घाम

मुलांनो, डोळे मिटू नका. डोळे मिटायला बुवा लोक सांगतात. मी सांगतो, टक्क उघडे ठेवा आणि माझ्याबरोबर चला.

समजा, आपण निडी स्टेशनावर उतरलो आणि आंबा नदीच्या रोखाने शेतांच्या बांधावरून चालत निघालो. वैशाखाचे दिवस, सकाळची वेळ. भात कधीच कापून झालाय, वालाचे वेलही उपटून झालेत, शेतांना भेगा पडल्यात. चालता चालता नदीकाठी जांभुळशेत नावाचं गाव लागतं. गावाच्या कडेला एक टेपाड आहे. एरवी तिथे गुरं चरतात. आज मात्र पाय ठेवायला जागा नाही. नागोठण्याहून टेम्पो भरून आलेत, रोह्याहून रिक्षा आल्यात, वरसे गावच्या बायका डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या आहेत. नारळवाल्याने चादर पसरलीय. त्याच्याशेजारी भजीवाल्याने स्टोव्ह पेटवलाय.

आणि या सगळ्यांच्या मधोमध काय आहे? एक कमरेएवढा दगड. त्या दगडाला घाम फुटलाय.

थट्टा नाही. आभाळात ढग नाही, दगडावर कोणी पाणी ओतलेलं दिसत नाही, आसपासचे धोंडे कोरडे ठणठणीत आहेत. आणि हा एकच दगड ओला! थेंब जमतात, ओघळतात, खालची माती भिजते. बायका पदराने तो घाम टिपतायत आणि पोरांच्या कपाळाला लावतायत.

दगडाच्या बाजूला मृगाजिनावर बसलेत तीर्थानंदबुवा. हातात पितळी लोटा, गळ्यात इतक्या माळा की मान दिसत नाही.

"हरि ॐ तत् सत् फट् फट्!" बुवा ओरडले. "ज्याला दिसतं त्याला दिसतं! ज्याला दिसत नाही त्याला मी दाखवीन! आणि दाखवूनही ज्याला दिसत नाही, त्याच्या सात पिढ्यांना मोतीबिंदू! बालका, पुढे ये!"

हे बालक म्हणजे गावचे सरपंच हैबतराव. वय सत्तर. ते हात जोडून पुढे झाले.

"बालका, ही जलमाता घामाघूम का झालीय, ठाऊक आहे? तुमच्या या टेपाडात ती कमरेपर्यंत गाडलेली आहे. गुदमरतेय! ती गुदमरते म्हणून नदी खवळते, नदी खवळते म्हणून पूर येतो. तिला मोकळी करा! येत्या अमावास्येच्या आत हे टेपाड फोडा आणि त्याची माती पुराच्या बांधाला घाला. मग पाहा, पाण्याचा थेंब गावात शिरायचा नाही!"

"पर बुवा," हैबतराव चाचरत म्हणाले, "ह्यो दगड तर आमचा गाढोबा. याच्या जागंला हात लावला तर वंश बुडतो, असं आमच्या वाडवडलांपासनं..."

"कोण गाढोबा? अरे, हे खाली कोरलेलं जनावर नीट बघ. गाढव नाही, मगर आहे मगर! जलमातेचं वाहन!"

तेवढ्यात गर्दीतून एक बारीक आवाज आला, "मगरीला एवढे लांब कान असतात?"

पोरं खिदळली. विचारणारी होती शकू. सहावीत शिकणारी, दोन वेण्यांची, प्रश्न विचारल्याशिवाय घास न गिळणारी. तिच्या आजीने, गिरजाबाईंनी, तिला कोपराने ढोसलं. "गप ऱ्हा गो! देवाधर्माच्या जागंला त्वांड आवर."

आता थोडं थांबू या. हा दगड कुठला, आणि बुवांना एकाएकी टेपाड का फोडायचं होतं, ते मी तुम्हाला सांगतो.

हजार-एक वर्षांपूर्वी राजे देवळाला किंवा गावाला जमीन दान द्यायचे. ते दान पुढे कोणी मोडू नये म्हणून तिथे दगड उभा करायचे. वर सूर्य-चंद्र कोरायचे, म्हणजे सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालेल. खाली एक गाढव कोरायचे, आणि 'जो हे दान मोडील त्याला अमुक अमुक होवो' अशी एक शिवी घालायचे. ती शिवी इतकी घाण आहे की मी इथे लिहिणार नाही, आणि तुम्ही लाडीगोडी लावलीत तरी सांगणार नाही. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. आपल्या रायगड जिल्ह्यात ते बरेच सापडतात.

पुढे काय झालं? ती लिपी वाचणारे राहिले नाहीत. शिवी विसरली गेली, भीती तेवढी उरली. कोणीतरी दगडाला शेंदूर फासला, कोणी नारळ फोडला, आणि शिवीचा देव झाला! जांभुळशेतकरी पिढ्यान्पिढ्या एका शिवीला नमस्कार करत होते. त्या भीतीमुळे टेपाडावर कोणी कुदळ मात्र मारली नाही.

आणि टेपाड होतं काय? शाळेचे लतीफ गुरुजी मुलांना तिथे घेऊन जायचे. पावसाने माती धुपली की खापऱ्या उघड्या पडायच्या, कधी एखादा काचेचा मणी मिळायचा. गुरुजी म्हणायचे, "ही पांढर आहे, पोरांनो. म्हणजे जुन्या वस्तीची माती. चुली, भिंती, मडकी, राख, सगळं एकावर एक साचून हे टेपाड झालंय. हे एक पुरलेलं गाव आहे. मणी बघा आणि होता तिथेच ठेवा. जागेवरून हलवला की त्याची गोष्ट मुकी होते."

त्या साली सरकारने नदीकाठी पुराचा बांध घालायचं काम काढलं होतं. बांध हवाच होता. नागोठण्याच्या मोठ्या पुराच्या वेळी जांभुळशेतातही पाणी शिरलं होतं. शकूचं घर सखल भागात. तिची लाडकी पाडी दाव्यासकट वाहून गेली होती. पावसाळ्याआधी बांध झाला नाही तर पुन्हा तेच होणार, या धास्तीने शकूची आई चंद्रावती रोज बांधाकडे बघून यायची.

बांधाला माती लागते. ती लांबून, नदीतला गाळ काढून आणायची असं ठरलं होतं. पण ठेकेदाराचा पोपट नावाचा मुकादम आळशी. त्याला समोरचं टेपाड दिसलं. फुकटची माती, हाताच्या अंतरावर! त्याने गावकऱ्यांना विचारलं तर सगळ्यांनी कानाला हात लावले. "गाढोबाची जागा हाय. नाय बाबा."

त्यानंतर महिन्याभरातच तीर्थानंदबुवा गावात अवतरले. म्हणजे पाहा, गावाने जे भीतीने राखलं होतं, ते पळवायला कोणी तलवार आणली नाही. त्याहून मोठी भीती आणली. भीतीच्या कुलपाला दुसरी भीती ही किल्ली लागते. म्हणून मी म्हणतो, राखायचं असेल ते समजून राखा.

चला, परत गर्दीत जाऊ.

बुवांनी लोटा उचलला. "सप्तनद्यांचं तीर्थ! जलमातेचं स्नान!" असं म्हणत त्यांनी दगडावर थोडं तीर्थ चोळलं आणि फडक्याने पुसून घेतलं. रोज दुपारी एकदाच हे स्नान व्हायचं, पण आज गर्दीसाठी सकाळीच झालं. गिरजाबाई पुढेच होत्या. जन्मभराच्या सवयीने त्यांनी उजव्या हाताची ओंजळ केली आणि पुढे धरली. तीर्थ म्हटलं की हात पुढे होतोच. प्यायचं आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा.

बुवांनी लोटा झटकन मागे घेतला. "खबरदार! हे तीर्थ फक्त मातेचं. माणसाने प्यालं तर जीभ झडेल!"

गिरजाबाईंचा हात तसाच राहिला. शकूने ते पाहिलं.

इतक्यात शकूच्या घरची तांबू गाय दावं तोडून, माणसं बाजूला सारत आली आणि दगडाला चाटू लागली. खरखरीत जिभेने, मन लावून.

"बघा! बघा!" बुवा नाचायलाच लागले. "गोमाता जलमातेला अभिषेक करतेय! अजून पुरावा पाहिजे?"

लोकांनी गाईच्याही पाया पडायला सुरुवात केली. तांबूला काही पडलेली नव्हती. ती चाटत होती.

घरी परतताना शकूने विचारलं, "आज्जे, तीर्थ देत नाय असा बुवा तू कधी बघितलास?"

"कडक देव असंल."

"देव कडक, मग गायची जीभ कशी नाय झडली?"

गिरजाबाई चालता चालता थांबल्या. मग पुन्हा चालायला लागल्या. पण त्यांनी शकूला गप्प राहायला सांगितलं नाही.

त्यांच्याआधीच घरी पोचलेल्या तांबूचा दुसरा पराक्रम चालू होता. ती आत शिरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जमीन चाटत होती. चंद्रावती तिला हाकलत होती. "हो मागं, हो! मेली मिठाच्या मडक्यापाशी रोज येते."

शकू बघतच राहिली. कोपऱ्यात मडकं होतं जाड्या मिठाचं. चंद्रावतीचं माहेर पेणच्या खाडीकडचं, घरची मिठागरं. दरवर्षी तिकडून मिठाची गोण यायची. त्या मिठाला पाणी सुटायचं आणि मडक्याखालच्या वाडग्यात गळायचं.

"आये, हे पाणी कुठनं येतं?"

"हवेतलं ओढतं गो मीठ. आगरात मीठ उचललं की खाली कडू पाणी उरतं ना, ते तर लय ओढतं. ते जिथं सांडतं ती जागा सुकतच नाय. दुपारी कडक उन्हात सुकली तर सुकली, सांजच्याला परत वली."

शकूच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. बुवा म्हणायचे, जलमाता दुपारी निजते, तेव्हा घाम येत नाही!

ती धावत लतीफ गुरुजींकडे गेली. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. 'शाबास' म्हणाले नाहीत. म्हणाले, "ही तुझी अटकळ झाली. अटकळ आणि पुरावा यांत फरक काय?"

"पुरावा दुसऱ्याला दाखवता येतो."

"मग दाखवता येईल असं काहीतरी कर. आणि समज, कोणी म्हणालं की दव पडलं म्हणून ओलं झालं, तर?"

शकूने विचार केला. "अर्ध्याला लावीन. अर्ध्याला नाय."

आता गुरुजी हसले.

"पण गुरुजी, तुम्हीच विचारा ना बुवाला. मोठ्या माणसाचं ऐकतील."

गुरुजींनी मान हलवली. "मी विचारलं तर लोक माझा प्रश्न ऐकणार नाहीत, माझं नाव ऐकतील. बुवा तीच वाट बघतोय. प्रश्न तुझा आहे, तूच विचार. मी तुझ्या बाजूला उभा राहीन."

शकूने घरचा पाटा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवला. वाडग्यातलं कडू पाणी त्याच्या डाव्या अर्ध्या भागावर चोळलं, पुसलं, पुन्हा वाळवलं. संध्याकाळी तो ओट्यावर ठेवला. सकाळी उठून पाहते तर उजवा भाग कोरडा आणि डाव्या भागाला घाम!

मग काय, चंद्रावती आणि शकू तो पाटा दोन बाजूंनी धरून टेपाडावर निघाल्या. मागे गिरजाबाई. त्यांच्याही मागे, कोणी न बोलावता, तांबू.

टेपाडाच्या पायथ्याशी खोदायचं यंत्र आणून उभं केलं होतं. पोपट मुकादम त्याच्या सावलीत विडी ओढत होता. वर लतीफ गुरुजी गर्दीत येऊन उभे होते आणि बुवांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "भूत, भविष्य, वर्तमान, हे तिन्ही माझे घरगडी..."

"बुवा," शकू पुढे झाली, "तीर्थ द्या."

तिने ओंजळ धरली.

"मूर्ख बालिके! जीभ झडेल म्हणून सांगितलं ना!"

"झडू दे."

बुवांनी लोटा छातीशी धरला. शकूने ओंजळ सोडली, दगडाकडे गेली, घामाचा एक थेंब बोटावर घेतला आणि सगळ्यांदेखत जिभेवर ठेवला.

बायकांनी तोंडावर हात घेतले. एकजण किंचाळलीच.

शकूने तोंड वाकडं केलं. "कडू! खारट आणि कडू!" आणि जीभ बाहेर काढून सगळीकडे फिरवून दाखवली. "हाय का जागंवर?"

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हा देवीचा घाम नाय. मिठागरातलं कडू पाणी हाय. बुवा रोज तेच चोळतात नि तीर्थ म्हणतात. ते हवेतलं पाणी ओढतं. हे बघा, आमच्या पाट्याला पण घाम आलाय. जिथं लावलं तिथंच आलाय, नाय लावलं तिथं नाय."

हैबतरावांनी वाकून पाट्यावरून हात फिरवला. आधी उजवीकडून, मग डावीकडून. मग पुन्हा एकदा. तेवढ्यात तांबू पुढे आली आणि डावा अर्धा भाग चाटायला लागली. उजव्या भागाला तिने नाकही लावलं नाही.

"बुवा," मागून एक म्हातारा ओरडला, "ह्या पाट्यात कुठली देवी शिरली? चटणीमाता?"

हशाचा असा धबधबा कोसळला की भजीवाल्याची गिऱ्हाइकंसुद्धा भजी सोडून वर आली.

"पाखंड!" बुवा गरजले. "कोणी शिकवलं हे या पोरीला? तो बघा, तो मागे उभा आहे मास्तर! त्याचा देव वेगळा, तो तुमचा देव..."

"त्यांचं सोडा," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका वर गेलेला गावाने कधी ऐकला नव्हता. "काल मी हात पसरला नि तुम्ही लोटा मागं घेतला. साठ वर्सं तीर्थ घेतेय मी, कोणी मला नाय म्हटलं नाय. तुमच्या लोट्यात जर सात नद्या हायत, तर घ्या, तुम्हीच एक घोट प्या."

"प्या! प्या!" गर्दी म्हणायला लागली.

"आज... आज माझा उपास आहे."

"तीर्थानं उपास मोडतो व्हय?" हैबतरावांनी विचारलं. आणि त्या सत्तर वर्षांच्या बालकाने बुवांच्या हातातला लोटा काढून घेतला, चंद्रावतीपुढे धरला. तिने बोट बुडवून चाखलं.

"माझ्या बापाच्या आगरातलं पाणी मी वळखणार नाय?" ती थुंकून म्हणाली. "ह्याच्यात एक पण नदी नाय."

हैबतराव दगडाकडे वळले. "आणि तुम्ही आल्या आल्या गाढोबाचा शेंदूर खरवडलात. देवाला श्वास घेऊ द्या म्हणालात. तेलकट शेंदरावर हे पाणी ठरलं नसतं, म्हणूनच ना?"

बुवांनी पोपट मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने विडीकडे पाहिलं. सगळ्या गावाने त्या दोघांकडे पाहिलं. मग बुवा मृगाजिन तिथेच टाकून जे उतरले ते निडी स्टेशनाच्या वाटेला लागले. भूत, भविष्य आणि वर्तमान, एकही घरगडी त्यांच्या मदतीला आला नाही.

गोष्ट इथे संपली असं वाटतं ना? नाही. खरी अडचण आता उभी राहिली.

पोपट मुकादम वर आला. त्याला लाज वाटत होती असं काही दिसलं नाही. "बुवा गेला खड्ड्यात. आता सरळ विचारतो. पाऊस तोंडावर आलाय. बांधाला माती पाहिजे. तुम्हाला जीव प्यारा आहे की फुटक्या खापऱ्या?"

लोकांचं हसू विरलं. एकजण हळूच म्हणाला, "व्हय, ते पण खरंच हाय. आता शाप नाय तर टेपाडाला हात लावायला हरकत काय?"

पाहिलंत? भीती गेली, आणि तिच्याबरोबर राखण करायचं कारणही गेलं. हा मुद्दा खरा अवघड. शकूच्या घराच्या ओट्याला पुराचं पाणी लागलेलं होतं. तिला बांध नको होता का? कोणापेक्षाही जास्त हवा होता.

"मुकादम," ती म्हणाली, "मोठ्या पुरात सगळा गाव कुठं चढला होता?"

मुकादम या गावचा नव्हता. पण गावकऱ्यांना उत्तर माहीत होतं. ते आपापल्या पायांखालच्या जमिनीकडे बघायला लागले.

"इथं," गिरजाबाई म्हणाल्या. "ह्याच टेपाडावर. गुरांसकट."

शकूने हैबतरावांचा हात धरला आणि त्यांना नदीकडच्या बाजूला नेलं. तिथे टेपाडाची कड ढासळून आतली माती उघडी पडली होती. गुरुजींनी वर्गाला दाखवलेलंच तिने बोटाने दाखवलं. "आजोबा, खाली खापऱ्यांची माती. तिच्यावर हा पिवळा, मऊ थर, ह्याच्यात एक खापरी नाय. हा पुराचा गाळ. म्हणजे तेव्हा पण गाव बुडाला होता. मग वर परत खापऱ्या. त्या लोकांनी भर घालून जागा उंच केली नि परत घरं बांधली. आणि त्याच्यावर बघा, परत गाळ कुठंच नाय. इतक्या वर्षांत पाणी इथवर चढलंच नाय."

"बांध फुटला तर आपण कुठं जायचं ते त्यांनी बांधून ठेवलंय," लतीफ गुरुजी आता बोलले. "आणि पाणी किती चढतं तेही लिहून ठेवलंय, मातीत. हे खणलं तर आपण पळायची जागाही घालवू आणि मोजपट्टीही. बांध पाहिजे. गाळाचाच पाहिजे, ठरला होता तसा. काम आजपासून नेटाने केलं तर पावसाआधी होईल. आम्ही सगळे लागू मदतीला. आणि रोह्याला तहसीलदारांना कळवू, पुराणवस्तू खात्याचा माणूस येऊन जागा बघेपर्यंत इथे कुदळ लागता कामा नये."

हैबतरावांनी त्या पिवळ्या थरावरून बोट फिरवलं. मग वळून म्हणाले, "मुकादम, यंत्र नदीत न्या."

मुलांनो, तुमच्या गावात उद्या दगडाला घाम येईल, मूर्ती दूध पिईल, कोणाच्या अंगात येईल. घाबरू नका आणि हात जोडून मोकळेही होऊ नका. विचारा. हे कधी होतं, कधी होत नाही? यात कोणाचा फायदा आहे? अर्ध्याला लावून अर्ध्याला न लावता बघता येईल का? जो विचारू देत नाही, त्याचा लोटा आधी तपासा. आणि आपल्या मातीत जे जुनं आहे ते शापाच्या भीतीने राखू नका. ते काय सांगतं ते वाचा, मग ते राखायला तुम्हाला कोणाची भीती लागणार नाही.

शकूने पुढे काय केलं ते सांगतो आणि थांबतो.

ती शाळेत गेली आणि कबड्डीचं मैदान आखायचा चुना पाटीभर घेऊन आली. टेपाडाच्या पायथ्याशी वाकून तिने रेघ ओढायला घेतली. टेपाड मोठं, पोरगी लहान. पोपट मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होता.

"एका पावसात वाहून जाईल तुझी रेघ," तो म्हणाला.

"पाय मागं घ्या, मुकादम," शकू म्हणाली. "रेघेच्या आत आलाय."

त्याने पाय मागे घेतला. शकूने पाटीतून आणखी एक मूठ चुना उचलला आणि त्याच्या बुटाच्या ठशावरून रेघ पुढे नेली.